गाडी कुणाची वाट बघत नाही

आमचे शेळके सर बस सुटायच्या आधी तिच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा वाजवतात. धप् धप्. आपल्याकडच्या कंपनीच्या बसला तो आवाज ऐकल्याशिवाय हलायची सवय नसते, त्यामुळं इथं कुणी मान वळवून बघत नाही. पण सरांनी म्युनिकमध्ये, आरशासारख्या चकचकीत आरामबसला तसंच वाजवलं. आमचा चेक ड्रायव्हर यान धावत खाली उतरला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, टायर बघितले, डिकी उघडून बघितली. सर शांतपणे म्हणाले, "ओके, ओके. गो." यानला वाटलं, गाडीतलं काहीतरी निखळून पडलंय आणि हा माणूस ते सांगत नाहीये.

मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची युरोपची सहल निघाली, तेव्हा सोबत म्हणून शेळके सर आणि मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील लातूरकडून आले, भोसरीत फिटर झाले. त्यांची मुलगी विमानात बसून म्युनिकला गेली, हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते.

शेळके सर शिकवत नाहीत, मुलांचं ट्रेनिंग बघतात. त्याआधीचा सगळा जन्म चाकणच्या गिअरच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेला. सर कारखान्यातून बाहेर पडले, कारखाना काही सरांमधून बाहेर पडला नाही. हॉटेलातला नाश्तासुद्धा त्यांनी शिफ्टमध्ये लावला. मुली फर्स्ट शिफ्ट, मुलं सेकंड शिफ्ट. पहिल्या शिफ्टनं टेबल पुसून दुसरीला चार्ज द्यायचा. हॉटेलची मॅनेजरबाई आधी गोंधळली, मग दुसऱ्या दिवशी सरांनाच विचारायला लागली की आता कोणाला आत सोडू. कुठल्याशा राजाचा सोन्याचा मुलामा दिलेला दिवाणखाना बघून आम्ही सगळे फोटो काढत सुटलो, तर सरांनी एवढंच म्हटलं, "मेंटेनन्स चांगलाय."

बस सुरू झाली की सरांची टोपी डोळ्यांवर यायची आणि सर झोपायचे. कंपनीच्या बसनं आयुष्य काढलेल्या माणसाला दोन गावांमधला रस्ता हा झोपायसाठीच असतो. आमचे वडीलही तसेच. मुलांना मात्र राहवेना. व्हिएन्नाच्या वाटेवर बर्फाचे डोंगर दिसायला लागले, तसं एकीनं त्यांना हलवलं. "सर, उठा ना, आल्प्स." सरांनी एक डोळा उघडला. "जागेवर आहे ना? मग राहू दे." आणि टोपी परत खाली.

सगळ्या सहलीत त्यांचा नियम एकच. गाडी कुणाची वाट बघत नाही. वेळ झाली की निघायचं, मागं राहील त्यानं आपलं बघून घ्यायचं. या कामावर त्यांनी मुलांपैकी प्रतीकला नेमला. प्रतीक चऱ्होलीचा, जुन्या घरचा. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, पण बोलणं अजून शेताच्या बांधावरचंच. वेळ झाली की यानला 'चल' म्हणायचं, एवढं त्याचं काम. सरांनी बजावून ठेवलं होतं, "मी खाली राहिलो तरी गाडी थांबवायची नाही."

आणि व्हिएन्नात तेच झालं. आम्हाला तिथून प्रागला निघायचं होतं. सगळे चढले, सर नव्हते. प्रतीकनं घड्याळ बघितलं, रस्ता बघितला, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, "मॅडम, सरांनीच सांगितलंय. थांबलो तर त्ये आल्यावर मलाच झाडतील." मी उठून पुढं येईपर्यंत त्यानं यानला खूण केली होती. यान इतक्या दिवसांत शिस्तीला पुरता लागला होता, त्यानं गाडी काढली. दोन सिग्नल पुढं गेल्यावर मी बस बाजूला घ्यायला लावली आणि सरांना शोधत परत मागं चालत आले.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर माणसांचा घोळका होता. ट्रामच्या पुढच्या बाजूला सूर्यफुलांचा हार बांधलेला. मध्यभागी वर्दीतला एक म्हातारा ड्रायव्हर, भोवती त्याचे सोबती टाळ्या वाजवतायत. आणि त्या ड्रायव्हरच्या खांद्यावर आमच्या सरांची शाल. सर टाळ्या वाजवण्यात सगळ्यांच्या पुढं. ड्रायव्हरच्या हातात राजगिऱ्याचा लाडू होता आणि त्याचं काय करायचं, हे त्याला समजत नव्हतं.

"नारळ कुठनं आणू इथं?" सर मला म्हणाले. "म्हणून लाडू दिला."

मी विचारलं, हा रिटायर होतोय हे तुम्हाला कसं कळलं, तुम्हाला तर जर्मनचा एक शब्द येत नाही. त्यावर म्हणाले, हार बघितला की कळतं. गाडी गेल्याचं सांगितलं, तेव्हा जराही चिडले नाहीत. उलट प्रतीकची पाठ थोपटायला हवी म्हणाले. थंडीत, शालीवाचून, हात खिशात घालून ते माझ्याबरोबर चालायला लागले. चालता चालता सांगायला लागले.

"आमच्यात शेवटच्या दिवशी माणसाला स्टॉपवर सोडत नाहीत, मॅडम. बस दारापर्यंत नेतात. सगळे उतरतात, घरात चहा घेतात, मग जातात. मी कितीजणांना असा सोडून आलोय. माझ्या वेळेला लॉकडाऊन. कारखाना बंद. फोन आला, आता येऊ नका." मग म्हणाले, "हिनं बसभर लोकांच्या चहासाठी मोठं पातेलं आणून ठेवलं होतं आधीच. माळ्यावर आहे अजून. काढायचं नाही म्हणते."

माझ्या वडिलांची बस आमच्या दारात आली होती. शेजारपाजारच्या कपबश्या गोळा करून मीच ट्रे फिरवला होता. वडील त्या दिवशी जेवढे ताठ बसले होते, तेवढे माझ्या पदवीच्या दिवशीसुद्धा बसले नाहीत.

बसमध्ये चढल्यावर सर टोपी ओढून झोपले. प्रागला पोचल्यावर मी हे सगळं प्रतीकला सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "आपल्या हातात बस हाय की, मॅडम."

मुंबईच्या विमानतळावर आम्हाला घ्यायला आलेली बस आपल्याकडचीच होती. सरांनी धप् धप् केलं, ड्रायव्हरनं न उतरता गिअर टाकला. सरांना फार बरं वाटलेलं दिसलं. मग ते झोपले. उतरायची जागा आली की त्यांना आपोआप जाग येते, तशी ताथवड्याला आली. बस कॉलेजवरून सरळ पुढं गेली.

"अरे, गाडी कुठं चालली?"

"सर, पुढं डायव्हर्जन हाय," प्रतीक म्हणाला. चेहरा अगदी सरळ. वाटेत एका फुलवाल्यापाशी बस थांबली, तेव्हाही त्यानं सरांना डायव्हर्जनच सांगितलं.

चिखलीत सरांच्या गल्लीच्या तोंडाशी बस वळली, तेव्हा सर उठून उभे राहिले. प्रतीकच्या हातात झेंडूचा हार होता. सरांनी हार बघितला. टोपी काढली, केस हातानं बसवले, परत टोपी घातली आणि मान पुढं केली.

बस दारापर्यंत गेली. बाजूनं एक दुचाकीसुद्धा निघेना, पण हॉर्न कुणी वाजवला नाही. कंपनीच्या माणसांची गल्ली ती, हार घातलेला माणूस बसमधून उतरताना सगळ्यांना दिसत होता. शेळकेकाकू गॅलरीत आल्या. त्यांनी बस बघितली, सर बघितले, सगळी मुलं खाली उतरताना बघितली. आणि तशाच आत गेल्या. थोड्या वेळानं माळ्यावरून काहीतरी जड, पितळी, खाली उतरवल्याचा आवाज आला.

कप अर्थातच पुरेनात. सरांनी जिन्यात उभं राहून शिफ्ट लावल्या. हार गळ्यात तसाच.

खाली ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, निघायचं का, पोरांची आईबापं कॉलेजवर खोळंबलीत. प्रतीकनं वर येऊन सरांना सांगितलं, सर, तेवढा पत्रा वाजवा, म्हणजे गाडी सुटंल.

"थांबेल गाडी," सर म्हणाले. "सेकंड शिफ्टचा चहा व्हायचाय अजून."