मल्लप्पाअण्णांच्या कुलूपबंद फायली

आमच्या मल्लप्पाअण्णांकडं त्यांच्या प्रोग्रॅमचा कोड मागणं म्हणजे त्यांची किडनी मागणं. "तुला कशाला पायजे?" एवढं विचारून ते तोंड फिरवायचे.

सोलापुरात आमचं चौघांचं ऑफिस. अकलूजची डेअरी, बार्शीचे आडते, अशांच्या वेबसाइट आम्ही बनवतो. प्रोग्रॅम लिहायची आमची भाषा पीएचपी. तिची खोड अशी, की गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर फाइल टाकली की तिथल्या कुणीही ती उघडून सरळ वाचावी. अण्णांना हे खपायचं नाही. "उघड्यावर ठेवलं की कुत्रं तोंड घालतंयच की!" असं म्हणत ते अख्ख्या फाइलीचा अगम्य अक्षरांचा गोळा करायचे. प्रोग्रॅम चालायचा, पण वाचायची सोय नाही.

मोहोळच्या एका शाळेचं सुट्ट्यांचं पानसुद्धा त्यांनी असं कुलपात घातलं.

"अण्णा, दिवाळीची सुट्टी कोण चोरतंय?"

"तुला लई कळतंय. गप बस की."

मला भलती खाज. एका दुपारी मी चहाची पैज लावली, "तुमचं कुलूप अर्ध्या तासात फोडतो."

"नगं रे लेका," अण्णा म्हणाले. मला वाटलं, हरायला घाबरले.

नेटवरच्या फुकट साधनानं दहा मिनिटांत गोळा सुटला. कोडमध्ये प्रोग्रॅमर मधूनमधून स्वतःसाठी टिपा लिहितो. कॉम्प्युटर त्या वगळून पुढं जातो. अण्णांच्या टिपा मी खुर्चीवर उभा राहून ठसक्यात वाचायला लागलो.

"शांते, आज आमटी केलती. मीठच टाकायचं इसरलो. तशीच खाल्ली."

सगळे खो खो हसले. मीही.

"शांते, पोरीचा फोन आला न्हाय. कामात आसंल."

इथं माझी जीभ अडखळली. शांतावहिनींच्या मातीला आम्हीच गेलो होतो की! दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. कुठून ही अवदसा आठवली मला!

अण्णा उठले. डबा पिशवीत घातला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले. "आसू दे रे," ते म्हणाले, "घरात बोलायला कुणी न्हाय, म्हणून लिवत होतो."

आठवड्यानं त्यांनी सगळ्या फायली आपणहून माझ्याकडं दिल्या, उघड्या. मी एकेक शेवटपर्यंत वाचली. शांतावहिनींना लिहिलेली एकही ओळ त्यांनी ठेवली नव्हती.