उघडं बरं दिसत नाही

शकूमावशींच्या घरात पाण्याचा नळसुद्धा टोपी घालून असे. निळी, पांढऱ्या काठाची, क्रोशाने विणलेली टोपी. सकाळी पाणी आलं की ती काढायची, पाणी गेलं की पुन्हा घालायची. "उघडं बरं दिसत नाही गं," एवढंच त्यांचं म्हणणं.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत त्या अगदी शेजारी राहायच्या. त्यांच्या टीव्हीवरच्या पांघरुणाला इतकी लांब झालर होती की क्रिकेट बघताना आम्ही फलंदाज त्यांच्या पॅडवरून ओळखायचो. फोनला फ्रॉक होता. रिसीव्हर उचलला की फ्रॉकही वर यायचा, मग मावशी पलीकडच्याला "थांबा हं" म्हणून आधी तो खाली ओढून घ्यायच्या.

एकदा गॅसचा रिकामा सिलिंडर त्याच्या गुलाबी परकरासकट गेला. मावशी टेम्पोमागे स्टेशनपर्यंत धावल्या. "अरे भैय्या, टाकी लेके जाव, परकर देके जाव!" भर बाजारात लोक थांबून बघायला लागले. तो बिचारा गॅसवाला मान खाली घालून हातात परकर घेऊन उतरला. त्यानंतर तो आमच्या इमारतीत यायचा तेव्हा सगळ्यात आधी मावशींना हाक मारायचा.

त्यांचे यजमान, आमचे जाधवकाका, कारखान्यात प्रेस मशीनवर होते. बोलायचे कमी, पण कॅरममध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एके दिवशी त्यांचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. करंगळी गेली आणि तिच्या शेजारचं बोटही गेलं. त्या बोटातली लग्नातली चांदीची अंगठी तेवढी वाचली. ती मधल्या जाड बोटात जाईना, म्हणून कपाटात जाऊन पडली, अर्थात विणलेल्या पिशवीत.

जखम भरली, काका कामावरही जायला लागले. पण एरवी कुणी समोर असलं की तो हात पँटच्या खिशातून कधी निघेना. कॅरम बंद झाला. त्यात बदलापूर गावात त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं. पोर काकांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तरी काका म्हणाले, "मी नाय येणार. सगळे हात मिळवायला येतील."

मावशींनी खूप मनधरणी केली. शेवटी काकाच म्हणाले, "अख्ख्या घराला विणतेस ना? मग माझ्या हाताला एक मोजा विण. तो घालून येतो."

"बघते," मावशी म्हणाल्या. मावशींच्या तोंडून 'बघते' मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी त्यांची सुई विचारायच्या आधी चालू व्हायची.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. मी उल्हासनगरला कॉलेजात होते आणि तिथल्या कॅम्पातल्या बाजारातली दुकानं फेब्रुवारी आला की लाल व्हायला लागली होती. व्हॅलेंटाइन डे म्हणजे काय ते मी मावशींना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "नवऱ्याला दिलं तर चालतं का गं? का लग्नाआधीचंच असतंय?"

"चालतं की!"

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर कॅम्पात. सिंधी दुकानदाराने काउंटरभर दोरे पसरले. "दीदी, सब लाल एक ही है!"

"एक कसा? ये मिरचीवाला है. मेरेको पत्त्यातल्या बदामवाला मंगता."

शेवटी एकच छोटी गुंडी घेतली. मी म्हटलं, "मावशी, एवढ्याशा दोऱ्यात हातमोजा कसा होणार? आणि लाल? काका घालतील?"

"तू गप बस."

घरी त्यांनी काकांच्या मधल्या बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. काकांना वाटलं, मोजा सुरू झाला. पुढे आठवडाभर त्या विणायच्या आणि उसवायच्या. एवढी जड झालेली त्यांची सुई मी कधी पाहिली नव्हती.

व्हॅलेंटाइन डेच्या संध्याकाळी मी वाटी परत करायला गेले तर काकांसमोर बशी होती. बशीवर विणलेलं झाकण, ते तर असणारच. काकांनी उचललं. आत लाल दोऱ्याची एक अंगठी, आणि तिच्यावर मसुरीएवढा बदाम.

"मोजा कुठाय?" काकांनी विचारलं.

"नाही विणला. विणणार पण नाही."

"अगं पण, लोक..."

"लोकांचं काय घेऊन बसलात! ह्याच हातानं संसार झाला ना आपला? अहो, हा हात उघडाच बरा दिसतो."

मी वाटी घेऊन तशीच दारात उभी. काकांनी खिशातून हात काढला आणि मधलं बोट मावशींपुढे धरलं. मी हळूच वाटी ओट्यावर ठेवून निघून आले.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. मांडवात फुलांच्या पाकळ्या वाटत एक जण आमच्या रांगेपाशी आला. काकांनी उजवा हात पुढे केला. तीन बोटांच्या तळहातावर पाकळ्या घेतल्या, लाल अंगठी साऱ्यांना दिसेल अशी. शेजारच्या पाहुण्याने ती निरखून बघितली आणि काका चक्क म्हणाले, "बायकोनं दिलीय."

मावशींनी चटकन तोंड फिरवलं आणि मांडवाच्या खांबावरच्या कर्ण्याकडे बोट केलं.

"बघ गं," त्या मला म्हणाल्या, "एवढा मोठा कर्णा, आणि उघडाच ठेवलाय मेल्यांनी." आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.