बटाट्यातली स्प्रिंग

ऑर्व्हिल टॅकेटची रायफल गोळी गिळेना. पहिली जायची, कधी दुसरीही जायची, पण तिसरी वाटेतच नाक वर करून अडून बसायची, मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखी. ऑर्व्हिल गोळी आत ढकलणारा बोल्ट मागे ओढायचा, अडकलेली गोळी बोटाने काढायचा, पुन्हा नेम धरायचा, आणि पुढची गोळीही तशीच रुसायची.

रायफल आता त्याची असली तरी मूळची सासऱ्यांची. लग्नात गिल्बर्ट स्ट्रॉन यांनी ती जावयाच्या हातात ठेवून "सांभाळ" एवढंच म्हटलं होतं. ऑर्व्हिलने ती इतकी सांभाळली, की कपाटातून कधी काढलीच नाही. दर नाताळला सासरे विचारायचे, "कशी चालते?" आणि हा म्हणायचा, "छान चालते, बाबा." एकही गोळी न झाडता दुसरं काय सांगणार?

या हिवाळ्यात मात्र त्याला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. गावातल्या लोकांच्या तळघरातले हीटर दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि ज्याला हीटर कळतो त्याला बंदूक कळायलाच हवी, असा त्याचा समज होता. त्याने लाकडी दस्ता काढून काळा प्लॅस्टिकचा बसवला. चाप हलका केला, बोल्ट नवा घातला, जास्त गोळ्या मावणारं लांबलचक मॅगझिन आणलं. मूळची फक्त नळी राहिली, कारण ती सुटेना. जुने भाग उत्साहाच्या भरात भंगारात गेले. मग त्याने पहिल्यांदा रायफल चालवून पाहिली आणि आपण काय करून बसलोय ते त्याला कळलं. सासऱ्यांची चांगली चालती वस्तू त्याने मोडून ठेवली होती.

त्यातच सासऱ्यांचा फोन आला.

"शनिवारी क्लबची नेमबाजी आहे ना? मी येतोय. माझ्या रायफलने एकदा दहा गोळ्या झाडीन म्हणतो. हात थरथरायला लागायच्या आत."

"या ना, बाबा," ऑर्व्हिल म्हणाला. आणि फोन ठेवल्याबरोबर त्याने स्क्रूड्रायव्हर शोधायला घेतला.

शुक्रवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामी रायफल खोलून बसला होता. नदीन, त्याची बायको, खाली तळघरात काहीतरी आणायला गेली होती. फोनवर तिचा भाऊ मर्ल होता. मर्लला बंदुकीतलं थोडंफार कळायचं आणि बोलायला भरपूर यायचं.

"गोळ्या बदलून बघितल्यास?"

"तीन प्रकारच्या बघितल्या."

"मॅगझिन साफ केलंस?"

"केलं. तेल दिलं. बोल्ट घासला. एकदा समजूतही काढली."

"मग बोल्टमधली ती बारकी स्प्रिंग काढून बघ. ढिली असेल. पण जपून हं, ती उडते."

"मर्ल, मी जन्मभर स्प्रिंगाच काढत आलोय," ऑर्व्हिल म्हणाला, आणि स्प्रिंग उडाली.

टण्कन झालेला आवाज मर्लपर्यंतही गेला.

"उडाली ना?"

"उडाली."

"कुठे गेली?"

"ते कळलं असतं तर उडाली असं कशाला म्हटलं असतं?"

स्प्रिंग तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. ऑर्व्हिल गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागला. तेवढ्यात नदीन वर आली. ओट्यावर चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं काचेचं भांडं उघडं ठेवलं होतं. त्यावर तिने चंदेरी कागद घट्ट बसवला आणि टेबलाखालून बाहेर आलेल्या नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

"प्रार्थना चाललीय का?"

"शोधतोय काहीतरी."

"चर्चमध्ये पास्टर हॅडलींचा निरोपसमारंभ आहे आज. मी बटाटे घेऊन पुढे जाते, तू धुतलेला शर्ट घालून ये. आणि जेवायच्या टेबलावर पुन्हा ही बंदूक दिसली, तर मी तिच्याशी बोलेन."

गाडी गेल्याचा आवाज आला. ऑर्व्हिलने फरशीवरचा कण न् कण तपासला. मग तो पुन्हा खुर्चीवर बसला, बोल्ट हातात धरला आणि उडालेली वस्तू कुठल्या दिशेने गेली असेल ते डोळ्यांनी मापू लागला. नजर टेबलावरून निघाली, साखरेच्या डब्यावरून गेली आणि ओट्यावर जिथे थांबली तिथे आता नुसता एक कोरडा चौकोन होता.

नदीनला फोन लावला तर तो शेजारच्या खुंटीवरच्या तिच्या दुसऱ्या कोटात वाजला. ऑर्व्हिल होता त्या शर्टातच निघाला.

चर्चच्या तळघरात टेबलं मांडून झाली होती. ओहायोच्या त्या टेकड्यांमध्ये माणूस जन्मो, मरो की निवृत्त होवो, बायका चीज घातलेले बटाटेच करून आणतात. त्यामुळे टेबलावर तसली पाच भांडी होती, पाचही काचेची, आणि पाचांवर तोच तांबूस खरपूस थर. त्यांतलं नदीनचं कोणतं ते ओळखू येईना. नदीन चहाच्या पिंपाशी होती. आणि खांबाजवळच्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून, सासरे बसले होते. म्हणजे कुणाला काही विचारायची सोय नव्हती. स्प्रिंग म्हटलं की बोल्ट आला, बोल्ट म्हटला की रायफल आली.

एकच उपाय होता. ऑर्व्हिलने ताट घेतलं, रांग लागायच्या आधीच पाचही भांड्यांतून मोठे मोठे डाव वाढून घेतले, आणि कोपऱ्यात उभा राहून काट्याने ताट नांगरायला सुरुवात केली. नांगरलेलं टाकून देणं देवाच्या घरी शोभणारं नव्हतं, म्हणून ते खावं लागत होतं. तेही जपून, दाढेने अंदाज घेत.

"नदीन घरी जेवायला घालते ना रे तुला?" इमोजीनबाईंनी विचारलं. पाच भांड्यांपैकी एक त्यांचं होतं.

"घालते की."

"मग माझेच एवढे आवडले वाटतं. थांब." त्यांनी आणखी दोन डाव वाढले. ऑर्व्हिल ते नांगरू लागला. बाईंचा चेहरा जरा उतरला. "काही पडलंय का त्यात?"

"नाही नाही. मी... खरपूस तुकडे शोधतोय."

हे बोलल्यावर त्याला स्वतःचीच कीव आली. सबंध गावाचे हीटर तपासणारा माणूस आपण, आणि आज बटाट्यांत काटा घालून फिरतोय.

तिसऱ्या फेरीला मर्ल शेजारी येऊन उभा राहिला. "बंदूक खात नाही म्हणून तू खातोयस का तिच्या वाटचं?"

"मर्ल, ती स्प्रिंग बटाट्यांत आहे," ऑर्व्हिल दबक्या आवाजात म्हणाला.

मर्लने स्वतःच्या ताटाकडे पाहिलं, चावणं थांबवलं आणि ताट हळूच खिडकीत ठेवलं. "मग सांगत का नाहीस सगळ्यांना?"

"तुझे वडील बसलेत तिथे."

"वडिलांचं सोड, पास्टर बघ."

पास्टर हॅडली नदीनने मघाशी स्वतःच्या भांड्यातून वाढून दिलेलं ताट घेऊन पहिला घास उचलत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगतीला आशीर्वाद दिलेला तो माणूस, आणि निरोपाच्या जेवणात त्याचा दात पडणार. ऑर्व्हिल धावला आणि त्याने त्यांच्या हातातून ताटच काढून घेतलं.

"हे खाऊ नका, पास्टर. माझ्या बायकोने केलंय."

चहाच्या पिंपाशी नदीन वळली. तिने हातातला कप खाली ठेवला. तिच्या त्या नजरेपुढे सासऱ्यांची भीती ऑर्व्हिलला एकदम किरकोळ वाटली.

"तसं नाही," तो म्हणाला. "बटाटे उत्तम आहेत. मी कितीतरी खाल्लेत. पण तिच्या भांड्यात माझ्या रायफलची स्प्रिंग आहे." आणि मग, आता सुटका नाही हे ओळखून, त्याने सगळंच सांगितलं. दस्ता, चाप, बोल्ट, भंगार, सगळं. "बाबा, तुमची रायफल मी बिघडवली. तिसरी गोळी जातच नाही."

म्हाताऱ्याची जीभ गालात काहीतरी चाचपत होती. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, एक बारकी चकचकीत वस्तू बाहेर काढली, रुमालाने पुसली आणि उजेडात धरली.

"ही का?"

ऑर्व्हिलने मान हलवली.

"मला वाटलं कवळी तुटली," गिल्बर्ट म्हणाले. "दोन गोळ्या सलग जातात म्हणतोस?"

"कधी कधी."

"माझ्याकडे एका दमात दोन कधीच गेल्या नाहीत. नवी घेतल्यापासून ती अशीच आहे. म्हणून तर तुला दिली."

मर्ल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"मग दर नाताळला विचारत होतात ते?" ऑर्व्हिलने विचारलं.

"तू दरवेळी छान म्हणायचास. मला वाटायचं, जावई एकतर फार सभ्य आहे, नाहीतर फार खोटारडा. उद्या डोळ्यांनी बघणार होतो."

त्यानंतर निरोपसमारंभ बाजूला राहिला. तळघरातल्या प्रत्येक पुरुषाकडे एकतरी बंदूक होती आणि प्रत्येकाचं तिच्याविषयी ठाम मत होतं. कुणी मॅगझिनचे ओठ, म्हणजे तोंडाच्या कडा, वाकव म्हणालं, कुणी रायफलचा नादच सोड म्हणालं. पास्टरांनीही आपलं मत दिलं आणि ते इतकं खोलात जाऊन दिलं, की त्यांनी आजवरचे शनिवार प्रवचन लिहिण्यात घालवले असतील यावर कुणाचा विश्वास बसेना. नदीनने मात्र तिच्या भांड्यात उरलेले सगळे बटाटे ऑर्व्हिलच्या ताटात वाढले आणि तो संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

घरी येऊन त्याने स्प्रिंग धुतली आणि जागेवर बसवली. नीट बसली की उलटी, हे त्याला पोटदुखीपुढे कळलं नाही.

शनिवारी क्लबवर हवा थंड होती. ऑर्व्हिलने दहा गोळ्या भरलेलं मॅगझिन लावून रायफल सासऱ्यांच्या हातात दिली आणि अडकलेली गोळी काढायला शेजारी सज्ज उभा राहिला. म्हाताऱ्याने पहिली झाडली. दुसरी झाडली. तिसरी गेली, तेव्हा मर्लने टोपी काढली. चौथी, पाचवी, एकामागून एक, कुठेही खळ न पडता दहाच्या दहा गेल्या.

गिल्बर्ट यांनी रायफल रिकामी केली, खात्री करून घेतली आणि बराच वेळ त्या काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्यावरून हात फिरवत राहिले.

"काय केलंस तू हिला?"

"मला खरंच ठाऊक नाही, बाबा."

"चीज लागलं असेल," मर्ल म्हणाला.

"चांगलं काम केलंस," सासरे म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य ऑर्व्हिलने पहिल्यांदाच ऐकलं. तो ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहू लागला. तोवर म्हातारा काठी टेकत स्वतःच्या ट्रकपर्यंत पोचला होता. सासऱ्यांनी रायफल पेटीत ठेवली, पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि दार लावून घेतलं.

ऑर्व्हिल घरी आला तेव्हा नदीन दारात होती.

"कसं झालं?"

"बाबा खूश झाले."

"आणि रायफल?"

"तीही त्यांच्यावर खूश झाली असावी," ऑर्व्हिल बूट काढत म्हणाला. "त्यांच्याच बरोबर गेली."