अनंतअण्णांचं सोवळं

शाळेतली अंडी बंद करायच्या सभेला मी अनंतअण्णांना आमच्या बाजूने बोलायला नेलं. असली घोडचूक बेंगळुरूच्या अख्ख्या चामराजपेटेत फक्त मलाच सुचू शकते.

पण अण्णांना ओळखणाऱ्या कुणीही तेच केलं असतं. सकाळी आमच्याकडे तव्यावर ऑम्लेट पडलं, की वरच्या मजल्यावर अण्णांची खिडकी धाडकन बंद. माझ्या दुकानात बसायचं तर आधी खुर्ची पुसणार, वर 'स्वल्प लांब सरक रे, वास येतो' हे आहेच. अंड्याला ते 'ते' म्हणतात. नाव घेऊन जीभ बाटायला नको. भरदुपारी कुठूनसे येऊन दुसऱ्यांदा अंघोळ करतात. एकटा जीव, संध्याकाळचं मंडळातलं भजन हीच काय ती सोबत.

आणि मी? मुलीच्या सरकारी शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष. निवडीला उशिरा पोचलो, तोवर निवडून आलो होतो! त्याच भजनी मंडळाने शाळेला बाकं देऊ केली. अट एकच: जेवणात अंडं बंद, सगळ्यांना केळं. मंडळाचे कारभारी दुकानात येऊन गोड बोलले. मी मान डोलावली. ती माझी आपोआप डोलते.

सभेत आया चवताळल्या. "आमच्या पोरांच्या ताटात हात घालणारे तुम्ही कोण?" कारभारी उभे राहिले, खुर्ची कलंडली. मी घाबरून अण्णांना पुढे केलं.

"मी ते खात नाही," अण्णा म्हणाले. "मरेपर्यंत खाणार नाही."

कारभाऱ्यांनी टाळी वाजवली.

"पण माझं सोवळं माझ्या ताटापुरतं. बाकं घेऊन जा. पोरं खाली बसतील, पण ते खातील."

कारभारी थंडपणे म्हणाले, "मग अण्णा, उद्यापासून भजनाला येऊ नका."

अण्णांनी नुसता खांद्यावरच्या टाळांच्या पिशवीवरून हात फिरवला. "सरी, ठीक आहे," म्हणाले, आणि ती कारभाऱ्यांच्या हातात देऊन बाहेर पडले.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या शिवक्काला विचारलं, "यांना अंड्याचा एवढा पुळका कधीपासून?" ती इथली स्वयंपाकीण, बेळगावकडची.

"पहिलीच्या पोरांना अंडी कोण सोलून देतं मग? अण्णाच की! तोंड फिरवून सोलतात, पोरांशी गप्पा मारतात, मग घरी जाऊन अंघोळ." तिने मला खालीवर पाहिलं. "आणि तुम्ही हो अध्यक्ष? घरी दोन-दोन चापता, आणि इथं पोरांचं एक बंद करायला निघालात!"