अर्ध्या गुणाचे शेखसर

शेखसरांच्या विज्ञानाच्या पेपरात 'माहीत नाही' असं लिहिलं की अर्धा गुण मिळायचा. मात्र ते शोधून कसं काढणार, हेही खाली लिहावं लागे. एका चाचणीत आमच्या अख्ख्या वर्गानं ठरवून प्रत्येक प्रश्नाला लिहिलं, 'माहीत नाही. मोबाइलवर बघू.' सरांनी सगळ्यांना भोपळा दिला. म्हणाले, "माहीत नसण्याचे गुण हायत. आळसाचे न्हायत."

सर आमच्याच गावचे, इंदापूर तालुक्यातले. दहावीत असताना मी एकदा विचारलं, "सर, आमच्या सगळ्या उसाला तुरा आलाय, पण दिव्याच्या खांबाजवळच्या उसाला का नाही?"

"मला न्हाय माहीत," सर इतक्या आनंदानं म्हणाले की मला वाटलं, मी बक्षीसच मिळवलं. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग आमच्या रानात. खांबापासून पावलं मोजायची, तुरे मोजायचे, वहीत मांडायचं. पात्यांनी सगळ्यांचे हात कापले.

वडील बांधावरून बघत होते. "सर, हे पुस्तकात हाय का?"

"न्हाय ना आबा. म्हणून तर आलो."

तुरा धरायला उसाला अखंड अंधाराची रात्र लागते, हे मला पुढं बारामतीच्या कॉलेजात कळलं. पण माझ्या वहीतले आकडे तेच सांगत होते.

गावाला मात्र बोर्डाच्या परीक्षेची काळजी. पालकसभेत शाळा समितीचे तात्या उठले. "मास्तरलाच माहीत न्हाय, तर पोरं पेपरात काय लिवणार? सर, येक शब्द द्या. वर्गात पुन्हा तसं म्हणणार न्हाय. दहावी तुमच्याकडंच ऱ्हाईल."

सर हात जोडून म्हणाले, "तात्या, तेवढं सोडून काय बी मागा."

सरांकडून दहावी काढून घेतली. त्यांनी तक्रार केली नाही, पण नंतर कितीतरी दिवस आमच्या वर्गावरून जाताना ते मान खाली घालून जात.

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. पेढे द्यायला गेले तेव्हा राहवलं नाही. "सर, त्या दिवशी नुसतं हो म्हणायचं होतं की."

सरांनी पेढ्याचा पुडा उघडला. मग म्हणाले, "माझी धाकटी बहीण तापानं फणफणली होती. गावात औषध देणारे रोज म्हणायचे, मला माहीत हाय, उद्या उतरंल. तीन दिवस. मला कळत न्हाय, बारामतीला न्या, एवढं म्हणले असते, तर..."

"मग हे सभेत सांगायचं. तात्यांनी ऐकलं असतं."

तात्या मागच्या वर्षी वारले, म्हणूनच आज हे लिहिते आहे.

सरांनी पेढ्याचा पुडा हळूच मिटला. "औषध देणारे तात्यांचे वडील होते," ते म्हणाले. "तात्यांस्नी ह्यातलं काय माहीत न्हाय. ऱ्हाऊ दे तसंच."