बाळ उठेपर्यंत गाडी आमची

टुक्.

पेनाचं टोपण गाडीच्या लाकडी तळावर पडलं आणि मी श्वास रोखून धरला. शेजारी सीटवर शालीत गुंडाळलेलं बाळ जरासं हललं, ओठांनी हवेतलंच दूध चोखलं आणि पुन्हा गाढ झोपलं. मी टोपण शोधायला वाकलेसुद्धा नाही. आमच्या घरात बाळ झोपलेलं असताना वाकायचं की नाही, यावरही आधी विचार करावा लागतो.

तर ही गाडी विकायची होती. आणि ती मीच विकणार, असं मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून बसले होते. बाळ होण्याआधी मी फर्निचरच्या दुकानात काम करायचे. खुर्ची बघायला आलेल्या माणसाला मी कपाट विकलेलं आहे, आणि जाता जाता खुर्चीही. मला गाडीचं काय मोठंसं!

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. बाटलीसारखा हिरवा रंग, पितळी दिवे, मागे पाडता येणारा कापडी टप, आणि लांबी एवढी की पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत पुसत जाताना आप्पांचा चहा गार होतो. आम्ही कुरकुरलो तर ते वर्तमानपत्र जरा वर धरतात. गाडीचं दार कुरकुरलं तर तेलाची बुधली घेऊन धावतात.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. त्या दिवशी ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "विकून टाकायची. उभी गाडी म्हणजे नुसतं कपाट."

"कपाट मी विकलेलं आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त पुसून ठेवा आप्पा. बाकी माझ्याकडे लागलं."

जाहिरातही मीच लिहिली. ‘प्रेमाने जपलेली टूरिंग गाडी. इतकी शांत, की मागच्या सीटवर बाळ झोपावं.’ आमचं बाळ तेव्हा पाळण्यात, खांद्यावर, मांडीवर, कुठेच झोपत नव्हतं. ते वाक्य खरं सांगायचं तर जाहिरात नव्हती, नुसती ओढ होती.

जाहिरात पाठवली आणि त्याच आठवड्यात एका दुपारी, रडण्याने आप्पांची झोपमोड नको म्हणून मी बाळाला घेऊन गॅरेजात गेले. गाडीच्या मागच्या सीटवर बसले. स्प्रिंगा जुन्या, चांगल्या. मी जरा हलले की सीट डुलायची. चार हेलकाव्यांत बाळ झोपलं. मी बघतच राहिले. मग लक्षात आलं, आपले दोन्ही हात मोकळे आहेत.

तेव्हापासून मी इथे बसून लिहिते. काय लिहिते ते राहू द्या. घरात सगळ्यांना वाटतं, मी बाळाजवळ बसते. तशी बसतेच. लिहिण्याचं फक्त थोरलीला ठाऊक आहे. ती पाच वर्षांची आहे आणि तिला वाटतं, सगळ्यांच्याच आया गॅरेजात लिहीत असतात.

आता तुम्हीच सांगा, मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते की गाडी विकू नका? जाहिरात माझी, फुशारकी माझी. आणि आप्पांना गाडी धावलेली हवी होती. मला मात्र ती उभी हवी होती, अगदी कपाटासारखी.

टोपण पडलं त्याच सकाळी गिऱ्हाईक आलं. दुपारी येणार होते, पण ओढ आवरली नाही म्हणे. दातांचे डॉक्टर होते. गोल चेहरा, स्वच्छ नखं. आप्पांनी त्यांना गॅरेजात आणलं, मला बघितलं, शाल बघितली, आणि ओठांवर बोट ठेवलं. आमच्याकडे गाडीजवळ हल्ली कोणी आवाज चढवत नाही. हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? अंधारात त्यांना ना मी दिसले, ना बाळ. त्यांनी हळूच हॅट काढली.

"कोणी आजारी आहे का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही, सगळं ठणठणीत," आप्पा कुजबुजले.

"मग इंजिन सुरू करून बघू?"

"इंजिन उत्तम आहे. माझ्यावर विश्वास ठेवा."

"बरं, हॉर्न?" त्यांनी रबरी फुग्याकडे हात नेला, तो आप्पांनी हवेतच पकडला.

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला. "माझ्याकडेही असे लोक येतात," ते म्हणाले. "दात उत्तम आहेत म्हणतात, फक्त तोंड उघडत नाहीत."

आता आपण बोललो नाही तर बरं दिसणार नाही, म्हणून मी मागून हळूच "नमस्कार" म्हटलं. डॉक्टर असे उडाले की हॅट खाली पडली.

"या गाडीबरोबर येतात का?"

"छे, सूनबाई आहेत. बाळाला झोपवून बसल्या आहेत."

बाळाला उचलून आत न्यायचं, हा सरळ उपाय तुम्हाला सुचला असेल. त्यांनाही सुचला. आप्पांनी नुसती मान हलवली. उचललेलं बाळ म्हणजे उठलेलं बाळ, आणि उठलेलं बाळ म्हणजे संपलेला दिवस.

शेवटी आप्पांनीच तोड काढली. गाडी ढकलत दारापर्यंत न्यायची, म्हणजे उजेडात रंग तरी दिसेल. डॉक्टर स्टिअरिंगच्या चाकाशी बसले. त्यांच्या शेजारी थोरली चढली, "तो हॉर्न आहे, तो दाबायचा नाही," असं त्यांना बजावत. आप्पांनी बाहेरच्या बाजूचा ब्रेकचा दांडा सोडला, मागे गेले आणि अगदी हलका हात लावला.

पण इतकी वर्षं रोज तेल पाजलेली गाडी ती! हलक्या हाताने सुटली, दार ओलांडलं, फाटक ओलांडलं आणि आमच्या घरापुढचा उतार लागला.

दुसरं एखादं कुटुंब अशा वेळी ओरडलं असतं. आम्ही सवयीचे गुलाम. आप्पा चपला फटफटवत मागून धावत होते आणि कुजबुजत होते, "दांडा... दांडा ओढा..." मी मागून कुजबुजत होते, "डॉक्टर, ब्रेक." डॉक्टरही कुजबुजतच विचारत होते, "काय म्हणताय?" पायाखाली तीन पेडलं होती, घाबरून त्यांनी नेमकं निरुपयोगी तेवढं घट्ट दाबून धरलं होतं. थोरली मात्र दोन्ही बाजूंना हात हलवत होती. एवढी मजा तिला जन्मात आली नव्हती.

खाली बेकरीवाला पावांचा ट्रे घेऊन रस्ता ओलांडत होता. त्याने आम्हाला बघितलं, तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. भला माणूस, त्याने तोंड मिटलं आणि चवड्यांवर चालत बाजूला झाला.

तेवढ्यात डॉक्टरांच्या हाताला दांडा लागला. अडलेली दाढ उपटावी तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढला. गाडी बेकरीच्या पायरीला टेकून थांबली. बाळ झोपलेलंच.

आप्पा धापा टाकत पोचले. त्यांनी आधी बाळाकडे बघितलं, मग मडगार्डकडे. दोन्ही शाबूत.

"आता वर न्यायची म्हणजे इंजिन लावावं लागणार," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली. आणि खरं सांगते, मनात म्हटलं, ऊठ रे सोन्या, आज एकदाच ऊठ. असा टाहो फोड की डॉक्टर हॅट विसरून पळाले पाहिजेत.

आप्पांनी पुढे जाऊन हँडल फिरवलं. गाडीने आधी घसा साफ केला आणि मग असा बार काढला की बेकरीवरची कबुतरं उडाली, आणि इतका वेळ सांभाळलेला ट्रे बेकरीवाल्याच्या हातून सुटला. मग इंजिन लागलं. संथ, एका लयीत.

सगळ्यांनी बाळाकडे बघितलं. बाळाने सुस्कारा सोडला, एक मूठ उघडली आणि आणखी खोल झोपेत गेलं.

डॉक्टर मागे वळून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. "जाहिरातीत वाचलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, लिहिणाऱ्याने उगाच काव्य केलंय. तरी त्या एका वाक्यासाठी आलो. लहानपणी आमच्या रस्त्यावरून अशीच गाडी गेली होती. मागे कोणीतरी झोपलेलं होतं, उन्हात. आपणही कधीतरी असं झोपावं, असं तेव्हापासून वाटत आलंय." त्यांनी चाकावरून हात फिरवला. "मी घेतली."

दुकानात असताना गिऱ्हाईक असं म्हणालं की मी मनातल्या मनात उडी मारायचे. आज नुसती शाल सारखी केली.

गाडी वर चढली. चालवत डॉक्टर होते. शेजारी आप्पा, त्यांच्या मांडीवर थोरली. आप्पांचे हात थोरलीच्या पोटाशी गुंफलेले होते, पण वळण आलं की त्यांची बोटं वळत होती. घर आलं तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "वारं फार लागतं पुढे." टप मागे पाडलेला नव्हता. वारं मुळीच नव्हतं.

गाडी लगेच न्यायची डॉक्टरांची तयारी होती. अडचण एकच. आप्पांनी शालीकडे बोट दाखवलं. "हे उठलं की न्या."

"अर्थात," डॉक्टर कुजबुजले. घरची रीत एव्हाना त्यांच्याही अंगवळणी पडली होती.

ते आता आमच्या स्वयंपाकघरात चहा घेत बसले आहेत. आप्पा त्यांना दाराला कुठलं तेल घालायचं ते समजावून सांगत आहेत. दुपार कलली आहे. जे बाळ तासभर झोपलं तर मी शेजारी सांगायला जायचे, ते आज उठायचं नावच घेत नाही. मला टोपण सापडलं आहे, पण मी ते पेनाला लावलेलं नाही. मी भराभर लिहिते आहे, आणि अधूनमधून सीट जराशी डुलवते आहे.

थोरली आत्ताच फूटबोर्डवर येऊन उभी राहिली. दारावर हनुवटी टेकवून तिने बराच वेळ बाळाकडे बघितलं.

"आई, गाडी गेल्यावर बाळ कुठे झोपणार?"

"पाळण्यात. शिकेल हळूहळू."

तिला ते पटलं. तिने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि तू कुठे जागी राहणार?"