बाबांच्या विमानाची रीतसर इंजिननिवड

आमच्या मॉडेल विमान मंडळात आजवर एकही अपघात झालेला नाही. मंडळाचा चिटणीस या नात्याने मी याचं श्रेय कार्यपद्धतीला देतो. रीतसर निवडलेल्या इंजिनाशिवाय आमच्याकडे विमान उडत नाही, आणि निवड रीतसर असल्यामुळे ती सहसा पूर्ण होत नाही.

माझे सासरे चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर रेडिओने चालणारं बायप्लेन बांधलं. जुन्या घाटाचं, एकावर एक असे दोन पंख असलेलं, आणि आकाराने असं की त्याच्या पंखावर धाकटा मेहुणा ऐसपैस झोपला असता. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला शिकलो. अशातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाबांची नजर हळूहळू जाणार, उपाय नाही. बाबांनी आरडाओरडा केला नाही. "एकदा हे उडताना बघितलं की झालं," एवढंच म्हणाले.

"अहो, मग बसवा ना एखादं इंजिन पटकन," ही म्हणाली.

दुकानदाराने एका सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन काढून ठेवलं होतं. या मापाच्या विमानाला हेच बसवतात, आरामात चालेल, असं त्याचं म्हणणं. बाबांनाही पसंत पडलं. पण चालतं म्हणून घेणं ही काय निवड झाली? मी हा विषय मंडळाच्या समितीपुढे ठेवला.

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "एका सिलिंडरला थरथर फार. थरथर म्हणजे काय, ते माझ्या खुर्चीत बसलेल्याला विचारा. दोन सिलिंडर घ्या."

दोन सिलिंडरचं इंजिन जड, म्हणून विमानाचं नाक मजबूत करायचं ठरलं. नाक जड झालं, म्हणून तोल सांभाळायला शेपटीत शिसं भरलं. आता एवढं वजन उचलायला दोन सिलिंडर अपुरे पडतात, हे समितीतल्या पूल बांधणाऱ्या अभियंत्यांनी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. मग आणखी मोठं इंजिन आलं. त्याचा पंखा जमिनीला घासू लागला, म्हणून चाकांचे पाय उंच केले. उंच पायांचं विमान दारातून बाहेर निघेना, तेव्हा समितीने दाराची चौकट काढण्याची शिफारस केली. चौकट माझ्या घराची असल्याने मी तटस्थ राहिलो.

"बाबांना आता वर्तमानपत्राचे मथळेच तेवढे दिसतात," ही म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुमची बैठक संपणार आहे की नाही?"

"घाईत चूक झाली तर बाबांनाच वाईट वाटेल," मी म्हणालो. मला ते मनापासून वाटत होतं.

एवढ्यात समितीतले वकील उठले. ज्या खऱ्या विमानाची ही नक्कल, त्याच्या नाकावर सिलिंडर गोलाकार मांडलेले असत, तसं दिसत नसेल तर ही उघड उघड फसवणूक आहे, असा त्यांनी आक्षेप घेतला. तो बिनतोड होता. तेव्हा खऱ्या इंजिनापुढे लाकडाचं खोटं इंजिन बसवायचं ठरलं. ते इतकं देखणं झालं की अध्यक्षांनी त्यावरून हात फिरवला. पण त्याचंही वजन होतंच. खोटं इंजिन उचलू शकेल असं खरं इंजिन शोधायला उपसमिती नेमली. उपसमितीने बराच अभ्यास केला आणि अहवाल दिला, की अडचणीचं मूळ खरं इंजिनच आहे. वजन त्याचं, थरथर त्याची, वास त्याचा. खोट्याबद्दल एकाही सभासदाची तक्रार नाही. अहवाल एकमताने मंजूर झाला. खरं इंजिन यथावकाश पाहू, असं ठरलं.

बाबांना आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

उद्घाटनाला मैदानावर खुर्ची टाकून त्यांना मधोमध बसवलं. विमान हिरवळीवर उभं होतं. इंजिनाचा आवाज मात्र अस्सल हवा, म्हणून वकिलांनी स्पीकर आणला होता. तो सुरू होताच बाबा ताठ बसले.

"सुटलं का?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षांना राहवलं नाही. "सुटलं! वर गेलं बघा!" ते ओरडले. "वळलं, वळलं!" अभियंते म्हणाले. वकिलांनी आवाज थोडा बारीक केला, म्हणजे विमान लांब गेलं. बाबांनी चेहरा आकाशाकडे उचलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही माझ्याकडे अशी बघत होती की मी जास्तच जोरात वाजवल्या.

"जावईबापू," बाबा हळूच म्हणाले, "सगळ्यांना दिसतंय ना?"

"हो, बाबा."

"मग ठीक. मला वाटलं, कुणालाच दिसत नाही."

इथे तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या, तो रास्त आहे. फक्त एक सांगा. एक सिलिंडर की दोन, याची चर्चा चालली होती तेव्हा तुम्हीही मनातल्या मनात एक बाजू घेतलीत ना? तेवढा वेळ बाबांचे डोळे तुमच्या तरी लक्षात होते का?

नसतील तर संकोच करू नका. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे.